वायर नसलेली गिटार : रॉक-मेटल व्हिडिओंच्या अभ्यासाचा आढावा

मास मीडियाच्या वर्गात ‘एका म्युझिक व्हिडिओचं विश्लेषण करा’ असा प्रोजेक्ट दिला, की चार-पाच जण तरी रॉक किंवा मेटल उचलतात. काळे टी-शर्ट घालून येणारी, एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी ही मुलं असतात आणि विषयावर त्यांचं मनापासून प्रेम असतं. पण प्रोजेक्टचं बांधीव ‘ब्लॅक बुक’ हातात आलं, की निराशा होते. कवटी म्हणजे मृत्यू, काळा रंग म्हणजे मृत्यू, कावळा म्हणजेही मृत्यूच. लाल दिवा म्हणजे क्रोध, पाऊस म्हणजे दुःख. मग गाण्याच्या ओळींचा भावार्थ, दिग्दर्शकाचा परिचय, सहा स्क्रीनशॉट आणि शेवटी निष्कर्ष : हा व्हिडिओ समाजाला प्रश्न विचारतो. व्हायवात एखादा कट दाखवून विचारावं, ‘हा इथेच का?’ तर मुलगा जरा ओशाळून म्हणतो, ‘मॅम, तिथे बीट पडतो ना.’ अख्ख्या प्रोजेक्टमधलं पहिलं नेमकं वाक्य त्याने आता उच्चारलेलं असतं, आणि नेमकं तेच त्याला लिहिण्याजोगं वाटलेलं नसतं.

रॉक आणि मेटलच्या व्हिडिओंवर गेल्या चाळीसेक वर्षांत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यातलं विद्यार्थ्याच्या कामाचं किती आणि नुसतं उद्धृत करण्यापुरतं किती, हे एकदा तपासून पाहण्यासारखं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. या व्हिडिओंचा गाभा कथेत किंवा प्रतीकांत कमी असतो; बँड नुसता वाजवताना दिसतो, त्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या भागात जास्त असतो. आणि तोच भाग विद्यार्थी ‘परफॉर्मन्स शॉट्स’ एवढं लिहून एका ओळीत उरकतात.

अभ्यासाला खरा जोर आला तो एमटीव्हीमुळे. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत ही वाहिनी सुरू झाली आणि गाण्याची जाहिरात म्हणून बनलेली फीत दिवसरात्र घराघरांत दिसू लागली. तिच्याकडे वळलेले सुरुवातीचे बरेच अभ्यासक चित्रपटाच्या अंगाने आले. ई. ॲन कॅप्लान यांचं ‘रॉकिंग अराउंड द क्लॉक’ १९८७चं. एमटीव्ही म्हणजे न संपणारा, मागचं-पुढचं भान पुसून टाकणारा प्रवाह, उत्तर-आधुनिकतेचा चालताबोलता नमुना, अशी त्यांची मांडणी. १९९२ साली अँड्र्यू गुडविन यांनी ‘डान्सिंग इन द डिस्ट्रॅक्शन फॅक्टरी’मध्ये या सगळ्या परंपरेवर रोखठोक आक्षेप घेतला : तुम्ही चित्र पाहिलंत, गाणं ऐकलंच नाहीत. चित्रं विस्कळीत वाटतात, कारण त्यांना बांधणारा धागा तुम्ही कथानकात शोधताय. तो ताल, पुनरावृत्ती आणि गायकाचा आवाज यांत आहे.

गुडविनच्या पुस्तकाचं पुढे जे झालं ते मजेशीर आहे. इंग्लंडमध्ये ए-लेव्हलच्या मीडिया स्टडीजला म्युझिक व्हिडिओ हा नेहमीचा विषय. तिथे या पुस्तकाची सहा-सात कलमी यादी झाली : संगीतप्रकाराचे संकेत, शब्द-चित्र संबंध, संगीत-चित्र संबंध, कंपनीला हवे असणारे गायकाचे क्लोजअप, पाहण्याची आणि न्याहाळण्याची दृश्यं, इतर कलाकृतींचे संदर्भ. ही यादी इंटरनेटवरून आपल्याकडच्या प्रोजेक्टमध्येही उतरली. ज्या माणसाने ‘आधी ऐका’ म्हणून सांगितलं, त्याच्याच नावाने आता कानात बोटं घालून रकाने भरले जातात.

तरी त्या यादीतला शब्द-चित्र संबंधाचा मुद्दा कामाचा आहे. गुडविनने तीन प्रकार मानले. पहिला, शब्दांत जे आहे तेच चित्रात दाखवणं. बालवाडीच्या अभिनयगीतात ‘चांदोबा’ म्हटलं की मुलं हाताने गोल करून दाखवतात, तसं. दुसरा, शब्दांत नसलेलं काही चित्राने भर घालून देणं. तिसरा, दोघांचा मेळच नसणं. मुलं हे तीन शिक्के हातात घेऊन बसतात आणि प्रत्येक व्हिडिओवर एक मारतात. पण आयर्न मेडनचा १९८२चा ‘रन टू द हिल्स’ घ्या. गाण्याचा विषय अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची गोऱ्यांनी केलेली कत्तल. व्हिडिओत स्टेजवरच्या बँडच्या मध्येमध्ये बस्टर कीटनच्या ‘द पेलफेस’ या १९२२च्या विनोदी मूकपटातले तुकडे पेरले आहेत. म्हणजे मेळ नाही, शिक्का तिसरा, पुढे चला? थांबा. बँडचा बेसवादक स्टीव्ह हॅरिसची ती प्रसिद्ध घोडदौडीची लय कानावर घ्या आणि मूकपटातला पाठलाग, धावपळ, पडणं-झडणं पुन्हा पाहा. शब्दांशी जे चित्र फटकून आहे, ते लयीशी अगदी चिकटून बसलं आहे. मग खरा प्रश्न पुढे येतो : कत्तलीचं गाणं पायाला ठेका धरायला लावतं, याची बँडला लाज वाटते, गंमत वाटते, की त्या वेळच्या घाईत हाती लागेल ते फुटेज लावलं गेलं? उत्तर काहीही निघो, ते तिन्ही शिक्क्यांपेक्षा रंजक असेल.

आता त्या कंटाळवाण्या भागाकडे. ज्युडास प्रीस्टचा ‘ब्रेकिंग द लॉ’ १९८०चा, म्हणजे एमटीव्हीच्याही आधीचा. दिग्दर्शक ज्युलियन टेम्पल. बँड बँकेवर दरोडा घालायला जातो. हत्यारं नाहीत, गिटारी आहेत. गिटारी रोखल्या जातात, वाजवल्या जातात आणि बँकेतली माणसं हतबल होतात. तिजोरीतून नोटांऐवजी सोन्याची तबकडी निघते. आणि सीसीटीव्हीच्या पडद्यासमोर डुलक्या काढणारा पहारेकरी जागा होऊन, खोटी गिटार धरून, गाण्याबरोबर स्वतःच वाजवल्याचा आव आणायला लागतो. कथा म्हणून पाहिलं तर ही शाळेच्या गॅदरिंगची नाटुकली आहे. पण दोन गोष्टी बघा. एक, गिटारीला वायर नाही, ॲम्प्लिफायर नाही, तरी आवाजाने भिंती हलतायत. म्हणजे ताकद वाद्याच्या जोडणीत नसून वाजवणाऱ्याच्या पवित्र्यात आहे, असं व्हिडिओ उघडपणे म्हणतो. दोन, पडद्यावर बँड पाहणारा आणि खोटी गिटार हाती घेणारा तो पहारेकरी म्हणजे पुढे एमटीव्हीसमोर बसणारा प्रेक्षकच. चाहत्याने काय करायचं, हे व्हिडिओ त्याला करून दाखवतो.

ही वायर नसलेली गिटार नंतर सगळीकडे दिसते. गन्स एन’ रोझेसच्या ‘नोव्हेंबर रेन’मध्ये (१९९२, दिग्दर्शक अँडी मोराहन) गिटारवादक स्लॅश ओसाड माळावरच्या चर्चबाहेर उभा राहून सोलो वाजवतो, जवळपास विजेचा खांबही नाही. त्यावर विनोद पुष्कळ झाले. अभ्यासकाने विनोदाच्या पुढचं विचारायला हवं : वायर काढून टाकली तेव्हा व्हिडिओने काय सोडून दिलं आणि काय घेतलं? ‘हे खरोखर इथे वाजतंय’ हा दावा सोडला. घेतलं ते शरीर : फाकलेले पाय, मांडीपर्यंत खाली लटकवलेली गिटार, मागे टाकलेली मान आणि सोलोच्या क्षणी फ्रेटबोर्डवरच्या डाव्या हाताचा क्लोजअप. पॉपच्या व्हिडिओत हाताचा असा क्लोजअप क्वचित. मेटलमध्ये तो जवळजवळ सक्तीचा, कारण तिथे हातातलं कौशल्य हे मूल्य आहे. रॉबर्ट वॉल्सर यांनी ‘रनिंग विथ द डेव्हिल’मध्ये (१९९३) एडी व्हॅन हेलन, रँडी रोड्स, इंगवे माल्मस्टीन यांच्या वादनात बाख, विवाल्डी, पॅगानिनी यांचे धागे नोटेशनसह दाखवून दिले आहेत. ज्यांना मेटल म्हणजे नुसता गोंगाट वाटतो, त्यांनी ते प्रकरण वाचावंच. डाव्या हाताच्या त्या क्लोजअपला मग वेगळंच वजन येतं.

या दृष्टीने सगळ्यात समृद्ध उदाहरण मेटालिकाच्या ‘वन’चं. १९८९. बँडचा हा पहिलाच व्हिडिओ. तोवर व्हिडिओ न करणं हाच त्यांचा बाणा होता. दिग्दर्शक बिल पोप आणि मायकेल सॅलोमन. यातले पोप पुढे ‘द मेट्रिक्स’चे छायालेखक झाले. व्हिडिओत डाल्टन ट्रम्बो यांच्या ‘जॉनी गॉट हिज गन’ (१९७१) या चित्रपटातली दृश्यं आहेत. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्याने हात, पाय, चेहरा, डोळे, कान, सगळं गेलेला सैनिक. शुद्ध मात्र शाबूत. तो उशीवर डोकं आपटून मोर्स कोडमध्ये बोलायचा प्रयत्न करतो. दुसरीकडे लॉंग बीचच्या एका गोदामात बँड वाजवतोय, कृष्णधवल, प्रेक्षक कोणी नाही.

प्रोजेक्टमध्ये यावर ‘युद्धविरोधी संदेश’ असं येतं आणि ते चूक नाही. पण गाण्याची रचना बघा. सुरुवात स्वच्छ, मोजक्या स्वरांची, संथ. मग टप्प्याटप्प्याने डिस्टॉर्शन चढतं आणि साधारण साडेचार मिनिटांनंतर लार्स उल्रिकचे डबल बेस ड्रम मशिनगनसारखे सहा-सहाच्या झुबक्यांत कोसळायला लागतात. पाठोपाठ गिटारी त्याच ठोक्यांवर. बँडची डोकी त्या ठोक्यांवर वरखाली आपटतायत. आणि पलीकडच्या दृश्यात तो सैनिक उशीवर डोकं आपटतोय. हेडबँगिंग! मैफलीत ज्याला मस्ती म्हणतात, ती हालचाल इथे बोलता न येणाऱ्या शरीराची एकमेव भाषा झाली आहे. व्हिडिओतला सगळ्यात भेदक संबंध शब्दांत नाही, कथेतही नाही. तो मानेच्या एका हालचालीत आहे आणि बँडच्या ‘कंटाळवाण्या’ शॉट्सकडे पाहिल्याशिवाय तो सापडत नाही. याच व्हिडिओची चित्रपटातली दृश्यं वगळलेली, निव्वळ वादनाची आवृत्तीही निघाली होती. दोन्ही शेजारी लावून पाहिल्या, तर प्रोजेक्टचं एक अख्खं प्रकरण तयार होतं : सैनिक काढून टाकल्यावर तीच डोक्याची आपट काय सांगते?

गोदामाबद्दलही थोडं. रिकामं गोदाम, बंद कारखाना, गंजलेले पाइप हे मेटल व्हिडिओचं ठरलेलं नेपथ्य. स्वस्त पडतं, हे एक कारण आहेच. पण ब्लॅक सॅबथ आणि ज्युडास प्रीस्ट बर्मिंगहॅम आणि त्याच्या आसपासच्या कारखानदारीच्या पट्ट्यातून आले. सॅबथचा गिटारवादक टोनी आयॉमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात मशिनखाली तुटली. तो डावखुरा असल्यामुळे ती तारा दाबायची बोटं होती. त्याने टोपणं बनवून बोटांना लावली, तारा सैल केल्या आणि त्यातून तो जड, खाली उतरलेला आवाज घडत गेला. गोदामाची भिंत दिसली, की ‘अंधार, एकटेपणा’ असं लिहिण्याआधी हा इतिहास आठवावा.

कटांचं मोजमाप हा विद्यार्थ्यांचा आवडता भाग, कारण आकडे आले की प्रोजेक्ट भारदस्त दिसतो. चार मिनिटांच्या व्हिडिओत १२० शॉट, म्हणजे सरासरी २ सेकंद. पुढे काय? नुसत्या सरासरीला अर्थ नाही. सुरुवातीचे शॉट सहा-सहा सेकंदांचे आणि ब्रेकडाउनमधले अर्ध्या सेकंदाचे असतील, तर सरासरी नेमकी तीच गोष्ट झाकते जी दाखवायची होती. त्यापेक्षा तीन रकाने आखावेत : वेळ, ऐकू काय येतं, दिसतं काय. दुसरा रकाना आधी भरायचा, डोळे मिटून. व्हीएलसी प्लेअरमध्ये इंग्रजी ‘ई’चं बटण दाबलं की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं, कट नेमका ठोक्यावर आहे, की त्याच्या दोन फ्रेम आधी, हे त्यात दिसतं.

आणि इथे थोडं गणित उपयोगी पडतं. मिनिटाला १२० ठोक्यांच्या रॉक गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. दर ठोक्याला कट मारणं संकलकाला शक्य आहे. मिनिटाला २०० ठोक्यांच्या मेटलमध्ये एक ठोका ०.३ सेकंदाचा, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने साडेसात फ्रेम. त्यात डबल बेस एका ठोक्यात चारदा पडत असेल, तर प्रत्येक आघाताला दोन फ्रेमही मिळत नाहीत. डोळा तेवढं पकडू शकत नाही. म्हणून संकलकाला निवड करावी लागते : दर चार ठोक्यांनी कट, मधल्या आघातांसाठी कॅमेऱ्याचा थरकाप, स्ट्रोबचा दिवा, उडणारे केस. किंवा थेट उलट, वेगवान आवाजावर स्लो मोशन. ते करायचं तर शूटिंगच्या वेळी कॅमेरा दुप्पट फ्रेमनी चालवतात आणि गाणंही दुप्पट वेगाने लावतात. ड्रमर बिचारा चिपमंकच्या आवाजातल्या स्वतःच्या गाण्यावर हात चालवतो, मग चित्र मूळ वेगावर आणलं की सगळं जुळतं. व्हायवातल्या त्या मुलाचं ‘बीट पडतो ना’ बरोबरच होतं. फक्त कोणता बीट, एवढं विचारायचं राहिलं होतं. कॅरोल व्हर्नालिस यांच्या ‘एक्स्पिरियन्सिंग म्युझिक व्हिडिओ’ (२००४) या पुस्तकात संकलन संगीताच्या मागे कसं जातं, यावर बारकाईने लिहिलं आहे. रॉक-मेटल त्याच्या केंद्रस्थानी नाही, पण पद्धत उचलण्याजोगी आहे.

स्त्रीदेहाच्या चित्रणाबद्दल लॉरा मल्वी यांचा ‘पुरुषी नजरे’वरचा १९७५चा निबंध प्रत्येक संदर्भसूचीत असतो. व्हाइटस्नेकच्या ‘हिअर आय गो अगेन’मध्ये (१९८७) टॉनी किटेन दोन जॅग्वार गाड्यांच्या बॉनेटवर लोळते, कोलांट्या मारते, ‘पुरुषी नजर’ सिद्ध झाली, प्रकरण संपलं. ते सोपं आहे आणि खरंही आहे, पण मेटलच्या बहुतेक व्हिडिओंत बाईच नसते, त्याचं काय? वॉल्सर यांनी हा गैरहजेरीचा मुद्दा गांभीर्याने घेतला : बाईला चौकटीबाहेर ठेवून पुरुषांनी पुरुषांसाठी रचलेलं शौर्याचं जग. त्याच काळात ग्लॅम मेटलचे पुरुष लिपस्टिक, आयलायनर, फुगवलेले केस यांत कॅमेऱ्यासमोर मिरवत होते, म्हणजे न्याहाळलं जाणारं शरीर पुरुषाचं होतं. आणि ज्युडास प्रीस्टचा गायक रॉब हॅलफोर्ड! त्याचा चामड्याचा, खिळ्यांचा पोशाख मेटलच्या मर्दानगीचा गणवेश बनला. १९९८ साली त्याने एमटीव्हीवरच आपण समलिंगी असल्याचं सांगितलं, आणि तो पोशाख मुळात समलिंगी पुरुषांच्या लेदर-संस्कृतीतून आलेला, हे मग साऱ्यांना दिसलं. ‘ब्रेकिंग द लॉ’ची एकही फ्रेम बदलली नाही, अर्थ बदलला. कलावंताची प्रतिमा व्हिडिओच्या बाहेर घडते आणि मागे जाऊन व्हिडिओ नव्याने लिहिते.

बायका माइकवर आल्या, की वेगळाच प्रकार होतो. युक्रेनच्या जिंजर बँडच्या ‘पायसीझ’चा लाइव्ह सेशन व्हिडिओ अगदी साधा आहे : स्टुडिओ, चौघं जण, कथा शून्य. तात्याना श्मायल्युक मऊ, स्वच्छ सुरात गाते आणि एका क्षणी तिच्याच गळ्यातून घोगरी डरकाळी निघते. हा व्हिडिओ पसरला तो मोठ्या प्रमाणात ‘रिॲक्शन’ व्हिडिओंमुळे. गायनशिक्षक पडद्याकडे बघत थक्क होतात आणि आपण त्यांना थक्क होताना बघतो. इथे कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर आहे तो न्याहाळायला की पुरावा द्यायला, हा प्रश्न मल्वींच्या निबंधात मावत नाही.

पैसा आणि प्रसारण यांच्याशिवाय कुठलाही व्हिडिओ पुरता कळत नाही. क्वीनचा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (१९७५, दिग्दर्शक ब्रूस गॉवर्स) एल्स्ट्री स्टुडिओत काही तासांत, सुमारे ४,५०० पौंडांत, फिल्मवर नव्हे तर व्हिडिओ टेपवर झाला. एक कारण व्यवहारी होतं : ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्ही कार्यक्रमात उभं राहून त्या ऑपेरासारख्या भागावर ओठ हलवणं हास्यास्पद दिसलं असतं. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, तिथे ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवणारा फारोख बलसारा, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी, इथे अंधारातल्या चार चेहऱ्यांपैकी एक आहे; ही रचना ‘क्वीन टू’ (१९७४) या अल्बमच्या मुखपृष्ठावरच्या मिक रॉक यांच्या छायाचित्रातून उचललेली. पण लक्ष द्या : ऑपेराचा भाग संपून जड रिफ सुरू झाला, की ते चेहरे गायब होतात आणि बँड स्टेजवर, दिव्यांखाली, वाजवताना दिसतो. रिफला स्टेज लागतं, हा संकेत इथे आधीपासूनच आहे.

पर्ल जॅमचा ‘जेरेमी’ (१९९२, दिग्दर्शक मार्क पेलिंग्टन) तर सेन्सॉरशिपचा धडाच आहे. टेक्सासमधल्या शाळेत एका मुलाने वर्गासमोर आत्महत्या केल्याची बातमी वाचून गायक एडी व्हेडरने गाणं लिहिलं. एमटीव्हीने तोंडात पिस्तूल दिसणारा शॉट चालू दिला नाही. उरला तो मुलाच्या चेहऱ्याचा क्लोजअप आणि रक्त उडालेली, पुतळ्यासारखी गोठलेली वर्गातली मुलं. परिणाम असा, की अनेकांनी उलटंच समजून घेतलं : मुलाने वर्गमित्रांना गोळ्या घातल्या. हिंसा कमी दाखवण्यासाठी केलेल्या कापाकापीने हिंसा वाढवून ठेवली. १९९३ साली या व्हिडिओला एमटीव्हीचा वर्षातल्या सर्वोत्कृष्ट व्हिडिओचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर बँडने १९९८पर्यंत नवा व्हिडिओ केला नाही, आणि जो केला, ‘डू द इव्होल्यूशन’, तो ॲनिमेशनचा. न कापलेला ‘जेरेमी’ बँडने २०२०मध्ये प्रसिद्ध केला.

चुकीचं वाचन कुठवर जाऊ शकतं, याचं उत्तर १९८५ साली अमेरिकी सिनेटमध्ये मिळालं होतं. ट्विस्टेड सिस्टरचं ‘वुई आर नॉट गॉना टेक इट’ पालकांच्या एका दबावगटाने हिंसक गाण्यांच्या यादीत टाकलं. गाण्याच्या शब्दांत हिंसा नावालाही नाही; व्हिडिओत मात्र खवळलेला बाप दारातून, खिडकीतून, जिन्यावरून आपटत राहतो. गायक डी स्नायडर १९ सप्टेंबरला समितीपुढे गेला आणि त्याने शांतपणे सांगितलं, की हे रोड रनरच्या कार्टूनच्या धर्तीवर केलेलं आहे. बापाचं काम करणारा मार्क मेटकाफ ‘ॲनिमल हाऊस’ या सिनेमातल्या आपल्याच भूमिकेची नक्कल करत होता, हेही ज्यांना ठाऊक होतं ते हसत होते. राम्श्टाइनच्या ‘डॉइचलांट’चं (२०१९) असंच, पण जास्त टोकदार : छळछावणीच्या कैद्यांच्या वेशात, गळ्यात फास अडकवलेला बँड दाखवणारा काही सेकंदांचा टीझर आला आणि जर्मनीत संताप उसळला. पूर्ण व्हिडिओ नऊ मिनिटांहून मोठा. त्यात कृष्णवर्णीय अभिनेत्री रुबी कॉमी हिने साकारलेली ‘जर्मेनिया’, म्हणजे जर्मनीचं स्त्रीरूप, दोन हजार वर्षांच्या इतिहासातून चालत जाते. टीझर हा स्वतंत्र मजकूर मानायचा की नाही? मानायचा, असं मला वाटतं; बँडने तो शुद्ध विक्रीच्या हिशेबाने निवडला असावा, आणि ते प्रोजेक्टमध्ये लिहायला संकोच करू नये.

हसण्याचा मुद्दा एका वेगळ्या जागीही अडतो. नॉर्वेच्या इमॉर्टल बँडचा ‘कॉल ऑफ द विंटरमून’ हा नव्वदच्या सुरुवातीचा व्हिडिओ : पांढऱ्या-काळ्या रंगाने थापलेले चेहरे, जंगल, झगे, पळापळ. तो इंटरनेटवर विनोद म्हणून फिरतो. त्यावर लिहिताना विद्यार्थी एक तर ओशाळून अतिगंभीर होतो, नाही तर टर उडवतो. मंगोलियाच्या द हू बँडने तोच निसर्गाचा संकेत मोरिन खूर हे तंतुवाद्य आणि कंठगायन यांच्यासह ‘युवे युवे यू’मध्ये (२०१८) वापरला : घरात मोबाइल-टीव्हीत गुंतलेली माणसं दार उघडतात आणि समोर माळरान. पैसे जास्त, कॅमेरा चांगला, म्हणून तिथे कोणी हसत नाही. हे दोन व्हिडिओ एकत्र ठेवले, तर ‘भव्यता’ नावाच्या गोष्टीत बजेटचा वाटा किती, ते उघड होतं.

आपल्याकडचे विद्यार्थी इतक्या लांबची उदाहरणं घेतात, याचं मला नेहमी नवल वाटतं. मुंबईत रॉक मशीन १९८४ साली उभा राहिला. त्यालाच पुढे इंडस क्रीड नाव मिळालं आणि ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला १९९३ साली एमटीव्ही एशियाच्या प्रेक्षक-पसंतीचा पुरस्कार मिळाला. १९८६पासूनचा इंडिपेन्डन्स रॉक महोत्सव, धोबी तलावाचं रंगभवन, डेमॉनिक रिझरेक्शनसारखे मुंबईचे मेटल बँड, यांच्यावरचं दृश्यसाहित्य बरंच आहे. दिल्लीच्या ब्लडीवुडने विडंबनगीतांपासून सुरुवात करून २०१९ साली जर्मनीच्या वाकन महोत्सवापर्यंत मजल मारली. त्यांच्या व्हिडिओत ढोल वाजवणारा गिटारवाल्यांच्या बरोबरीने फ्रेम अडवतो. ढोलाच्या हाताला डाव्या हातासारखा क्लोजअप मिळतो का, किती वेळा, कोणत्या जागी, हा एक नीटस प्रश्न घेऊनही प्रोजेक्ट होऊ शकतो. शिवाय शहरातला बँड निवडला, की रशेस पाहता येतात, कॉलशीट मागता येते, ‘हा शॉट का टाकला नाही’ असं दिग्दर्शकाला चहाच्या टपरीवर विचारता येतं. आणि गोदामाचं नेपथ्य दिसलं, तर गिरणगावातून आलेल्या मुलाला बर्मिंगहॅमच्या इतिहासाची वेगळी शिकवणी लागत नाही. १९८२नंतर बंद पडलेली कुलाब्याची मुकेश मिल्स सिनेमा-जाहिरातींच्या शूटिंगसाठी कशी वापरली गेली, हे त्याच्या घरातल्या थोरांनाही माहीत असतं.

शेवटचा मुद्दा रुक्ष आहे, पण सगळ्यात जास्त गफलत तिथेच होते. यूट्यूबवर पाहिलेली प्रत कोणती? ‘वन’च्या आवृत्त्या वेगवेगळ्या, ‘जेरेमी’च्या दोन, आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या पुष्कळ व्हिडिओंच्या ‘रिमास्टर्ड’ प्रती आता कंपन्याच चढवतात. रंग बदललेले असतात, काळा जास्त काळा केलेला असतो. टीव्हीसाठी ४:३ मध्ये बनलेलं चित्र रुंद पडद्यावर बसवायला कधी वरून-खालून कापलेलं असतं. १६:९ करताना उंचीचा बरोबर एक चतुर्थांश जातो. म्हणून लिंकबरोबर आवृत्ती, कालावधी, चौकटीचं प्रमाण आणि कोणी चढवली, हे ब्लॅक बुकात यायलाच हवं. नाही तर कापलेल्या पट्टीबरोबर खाली मांडीशी लटकलेली गिटार जाते, आणि प्रोजेक्टमध्ये छापून येतं, की दिग्दर्शकाने वाद्य मुद्दाम चौकटीबाहेर ठेवलं.